आधीं शिल्लक, मग खर्च

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं आमच्या बाजारपेठेंतील दुकानादुकानांतून वहीपूजन होतें. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवानें स्वस्तिक काढतात, तिच्यावर हळदकुंकू व फुलें वाहतात, आणि पाडव्याला नव्या वहीचा मुहूर्त करितात. हिशेब आतां पुष्कळ ठिकाणीं संगणकावर गेला आहे, तरी लाल कापडी बांधणीची एक वही, पूजेपुरती कां होईना, पाटावर मांडलेली असतेच. हा देखावा आम्हांस नेहमींच रम्य वाटत आला आहे. पण तो पाहतांना एक प्रश्न मनांत उभा राहतो, व तो विचारल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. जो व्यापारी दुकानांतील पै-पैचा हिशेब ठेवितो, कोणाची उधारी किती थकली हें तोंडपाठ सांगतो, त्यास ‘गेल्या महिन्यांत तुमचा घरखर्च किती झाला?’ असें विचारलें तर तो काय उत्तर देईल? बहुधा तो हंसेल, आणि ‘घरचा काय हिशेब ठेवायचा?’ असें म्हणेल. आमच्या मतें आमच्या मध्यम वर्गाच्या आर्थिक दुबळेपणाचें मूळ या एका हंसण्यांत आहे.

नोकरदारांची कथा याहून निराळी नाहीं. पहिल्या तारखेस पगार जमा होतो. त्याच आठवड्यांत घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, भ्रमणध्वनीचा हप्ता हे आपापला वांटा उचलून नेतात. उरलेला पैसा किराणा, शाळा, वीज व पाहुणेरावळे यांत विरतो. आणि महिनाअखेरीस गृहस्थ आपल्या पत्नीस विचारतो, ‘एवढे पैसे गेले कोठें?’ ती बिचारी काय सांगणार? दोघांनींही तो पैसा जातांना पाहिलेलाच नसतो. शिल्लक म्हणजे सर्व खर्च भागल्यावर जें उरेल तें, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. ती समूळ चुकीची आहे. खर्चाला पोट असतें, पण तळ नसतो. उत्पन्न दुप्पट झालें तरी तो तेवढें गिळून पुन्हां तोंड उघडून बसतो. म्हणून जो गृहस्थ ‘उरेल तें सांठवूं’ म्हणतो, त्याचें कांहींच सांठत नाहीं. जो आधीं शिल्लक बाजूस काढतो व उरलेल्यांत संसार करितो, त्याचेंच सांठतें. आज आम्हांस मुख्यतः सांगावयाचें तें एवढेंच.

हें तत्त्व कोणा परदेशी अर्थशास्त्रज्ञाकडून उसनें आणण्याची गरज नाहीं. आमच्या आज्यांस तें ठाऊक होतें. स्वयंपाकास बसतांना तांदूळ किंवा पीठ मोजून घ्यावयाचें आणि चुलीवर ठेवण्यापूर्वीं त्यांतील एक मूठ निराळ्या मडक्यांत टाकावयाची, ही मुष्टिफंडाची रीत महाराष्ट्रांत किती तरी घरांतून चालत असे, व तशा मुठींवर विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें व संस्था पोसल्या गेल्या. या रीतींतील शहाणपण पाहा. मूठ बाजूस काढावयाची ती जेवणापूर्वीं, जेवण झाल्यावर नव्हे. जेवण झाल्यावर उरलें तर देऊं, असें म्हटलें असतें तर तें मडकें कधींच भरलें नसतें. आणि एक मूठ कमी शिजली म्हणून घरांतील कोणी उपाशी राहिला, असेंही कधीं झालें नाहीं.

थेंबे थेंबे तळें सांचतें ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों, पण तळें सांचण्यास पाऊस किती लवकर सुरू झाला यालाही महत्त्व आहे, हें आपण विसरतों. एक साधें गणित करून पाहूं. दोन भाऊ आहेत. थोरला तिसाव्या वर्षापासून दरमहा ३,००० रुपये बाजूस टाकूं लागतो व पन्नासाव्या वर्षापर्यंत टाकीत राहतो. व्याज शेंकडा ७ धरिलें, व तें दरमहा मुद्दलांत मिळत गेलें असें मानिलें, तर वीस वर्षांत त्यानें स्वतः घातलेले ७ लक्ष २० हजार वाढून सुमारें साडेपंधरा लक्ष होतात. धाकटा भाऊ म्हणतो, ‘अजून पुष्कळ वेळ आहे’, आणि चाळिसाव्या वर्षीं जागा होतो. पन्नासाव्या वर्षीं त्याला थोरल्याइतकी रक्कम हातीं यावयास हवी असेल, तर त्यास दरमहा ३,००० नव्हे, ९,००० रुपये टाकावे लागतील, आणि तेही अशा वयांत कीं जेव्हां मुलांचें शिक्षण, आईबापांचें आजारपण व मुलीचें लग्न हीं तिन्ही ओझीं एकदम खांद्यावर येतात. दहा वर्षांच्या आळसाचा हा तिप्पट दंड होय. तो कोणतेंही न्यायालय ठोठावीत नाहीं, म्हणून त्यावर अपीलही चालत नाहीं.

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. रिझर्व्ह बँकेच्या आंकड्यांवरून असें दिसतें कीं, देशांतील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत, म्हणजे ठेवी, विमा, निधि वगैरेंत घातलेल्या पैशांतून नवें कर्ज वजा जातां जी राहते ती, सन २०२०-२१ मध्यें देशाच्या एकूण उत्पादनाच्या शेंकडा ११ हून अधिक होती. ती २०२२-२३ मध्यें शेंकडा ५ च्या आसपास उतरली, व हा कित्येक दशकांतील नीचांक ठरला. पहिल्या वर्षीं महामारीमुळें खर्चाचीं दारेंच बंद होतीं आणि नंतरच्या काळांत पुष्कळ पैसा घरें घेण्यांत गुंतला, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि कर्ज काढण्याची लाज गेली व सोय वाढली, हेंही तितकेंच खरें आहे.

सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला, आणि तो पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. त्या लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या कागदांवर होता. कर्जरोखे हस्तगत करून ते जाळावयाचे, हा त्यांचा उद्देश होता. त्या उठावानंतर चौकशी झाली व १८७९ मध्यें दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा झाला. त्याही पूर्वींपासून आमच्या हिंदु धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम होता. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होतां कामा नये, असा तो नियम मुंबई इलाख्यांतील न्यायालयें मानीत आलीं.

आजचा सावकार दाराशीं येऊन बसत नाहीं. तो आपल्या खिशांत असतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी दरमहा शेंकडा ३ या दरानें सांचूं दिली तर चोवीस महिन्यांत ५० हजारांचे एक लक्ष होतात. म्हणजे ज्या दामदुपटीला आमचे शास्त्रकार सीमा मानीत, तेथें आपण दोन वर्षांत पोंचतों. अशा थकबाकीवर सालीना शेंकडा ३० हून अधिक व्याज घेणें ही अनुचित प्रथा आहे, असें राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं ठरविलें होतें. परंतु व्याजाच्या दराचें नियमन हें रिझर्व्ह बँकेचें क्षेत्र मानून सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय डिसेंबर २०२४ मध्यें रद्द केला. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदाही बँकांच्या कर्जांस लागू नाहीं. या निर्णयांच्या कायदेशीर योग्यायोग्यतेचा खल येथें आम्ही करीत नाहीं. आमच्या वाचकांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, या बाबतींत कायद्याची ढाल पातळ आहे. स्वतःच्या संयमाची ढाल हीच खरी. ज्याच्यावर असें कर्ज आहे, त्यानें बचतीच्या गोष्टी करण्यापूर्वीं तें फेडावें. शेंकडा ७ मिळविण्यासाठीं पैसा ठेवावयाचा आणि शेंकडा ३६ देत बसावयाचें, हा व्यवहार शहाण्याचा नव्हे.

कर्जाचा आणखी एक दरवाजा आहे, तो म्हणजे जामिनकी. आमच्या वकिलीच्या धंद्यांत आम्हीं असे सज्जन पाहिले आहेत कीं ज्यांनीं जन्मभर एक पैसा उधार घेतला नाहीं, पण मित्राच्या शब्दाखातर एका कागदावर सही केली व निवृत्तीनंतरची सारी शिल्लक त्या सहीपायीं घालविली. ‘मुख्य ऋणकोकडून आधीं वसूल करा, मग मजकडे या’, असें म्हणण्याचा हक्क जामिनास सहसा नसतो. १८७२ च्या करारकायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणें, करारांत अन्यथा नसेल तर, जामिनाची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. मित्रास मदत करावयाची असेल तर झेपेल तेवढी रक्कम हातावर ठेवावी व ती परत न आली तरी मैत्री ठेवावी. सही मात्र आपण स्वतः तेवढें कर्ज फेडण्यास तयार असूं तरच करावी.

आतां रोजच्या वर्तनाकडे वळूं. पहिली संवय रोजकीर्दीची. निजण्यापूर्वीं पांच मिनिटें, शाळकरी पोरांच्या वहीसारखी एक वही, आणि त्या दिवसाचा प्रत्येक खर्च. त्यावर घरांत वाद घालूं नये, कोणास दोष देऊं नये, नुसतें लिहावें. तीन महिने लिहिल्यावर गळती कोठें आहे तें वहीच बोलूं लागते. जी मालिका कोणी पाहत नाहीं तिच्यासाठीं दरमहा आपोआप कापली जाणारी वर्गणी, पाय न ठेवलेल्या व्यायामशाळेची फी, दिवसाकाठीं बाहेरच्या चहा-फराळावर जाणारे ४० रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरिले तरी या शेवटच्या एका बाबीचे सालीना १२ हजार होतात. चहा सोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. आपण काय देतों हें पाहून द्यावें, एवढेंच आमचें म्हणणें.

दुसरी गोष्ट खास व्यापाऱ्यांसाठीं. गल्ल्यांतून घरासाठीं वाटेल तेव्हां हात घालणें हा आमच्या छोट्या दुकानदारांचा जुना रोग आहे. सकाळीं भाजीसाठीं दोनशें, दुपारीं मुलाच्या सहलीसाठीं पांचशें, संध्याकाळीं पाहुण्यांसाठीं मिठाई; यांतील एकही रक्कम वहींत येत नाहीं. मग दुकान नफ्यांत आहे कीं भांडवल खाऊन चाललें आहे, हेंच मालकास कळत नाहीं. त्यानें आपल्या दुकानाचा आपण नोकर आहों असें समजून स्वतःस ठराविक मासिक उचल बांधून घ्यावी, ती पहिल्या तारखेस घरच्या खात्यांत भरावी, व त्यानंतर गल्ला घराला बंद. दुकानाचें खातें व घरचें खातें हीं निरनिराळीं ठेवावींत.

पगारदारानें पगार जमा होतांच दुसऱ्याच दिवशीं ठरलेली रक्कम आवर्ती ठेवींत आपोआप वळावी, अशी कायमची सूचना बँकेस देऊन ठेवावी. मनाचा निग्रह दर महिन्यास नव्यानें करावा लागला तर तो मोडतो. एकदांच करून बँकेच्या हवालीं केला तर टिकतो. रक्कम प्रारंभीं उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाएवढी असली तरी चालेल. पगारवाढ मिळाली कीं त्या वाढीचा निम्मा भाग संसाराला द्यावा व निम्मा शिल्लकेकडे वळवावा. म्हणजे राहणीही सुधारते आणि शिल्लकही.

तिसरी संवय खरेदीची. यादीवांचून बाजारांत जाऊं नये. हजार रुपयांवरची वस्तु मनांत भरली तर तिच्यावर तीन रात्री झोपावें. चौथ्या दिवशीं ती तितकीच हवीशी वाटली तर खुशाल घ्यावी. पुष्कळ वस्तू दुसऱ्याच रात्रीं मनांतून उतरतात. भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची यूपीआयची सोय २०१६ सालीं आली व तिनें व्यवहार सुलभ केला, यांत शंका नाहीं. पण नोट मोजून देतांना हाताला जी एक टोंचणी लागते, ती बोटानें पैसे देतांना लागत नाहीं. यावर उपाय सोपा आहे. या सोयीस जें खातें जोडावयाचें त्यांत एका आठवड्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवावी. मुख्य खातें त्यास जोडूंच नये.

चौथी, आणि आमच्या घरांतून झपाट्यानें लोपत चाललेली संवय म्हणजे वस्तूचा शेवटपर्यंत उपयोग. जुन्या लुगड्याची गोधडी, फाटल्या चादरीचें पायपुसणें, रात्रींच्या भाताचा सकाळीं फोडणीचा भात, शिळ्या पोळीचा कुस्करा, छत्रीला नवी काडी, चपलेला टांका. यांत दारिद्र्य नव्हतें, अक्कल होती. ज्यांच्या घरीं जागा आहे त्यांनीं उन्हाळ्यांत गहूं, डाळी व मिरच्या स्वस्त असतां वर्षाची बेगमी करावी, धान्य ऊन दाखवून व डाळींस एरंडेल चोळून भरून ठेवावें. जी गृहिणी हें करिते ती वर्षाकाठीं किती रुपये मिळविते, याचा हिशेब तिच्या नवऱ्यानें एकदां मांडून पाहावा. मग ‘ती कांहीं कमावीत नाहीं’ असें तो पुन्हां म्हणणार नाहीं.

शिल्लक पडली तर ती ठेवावयाची कोठें, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. आमच्या आयाबहिणींची पेढी पूर्वापार तांदळाच्या डब्यांत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें व हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां किती तरी घरांतून अशीं गुप्त गंगाजळीं उघड्यावर आलीं, आणि बायकांस आपल्याच घामाचा पैसा नवऱ्यापुढें लाजत काढावा लागला. तेव्हां प्रत्येक स्त्रीचें स्वतःच्या नांवाचें खातें असलें पाहिजे व त्याचें पासबुक तिच्याच हातीं असलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. सातारा जिल्ह्यांतील म्हसवडच्या बायकांनीं बँक काढण्याचें मनांत आणिलें, तेव्हां त्यांतील अनेकजणी निरक्षर असल्यामुळें त्यांचा पहिला अर्ज नामंजूर झाला. त्या रडत बसल्या नाहींत; अक्षरें शिकल्या, पुन्हां अर्ज केला, आणि १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. दुष्काळी माणदेशांतील बायकांस जें साधलें तें शहरांतील सुशिक्षित भगिनींस कां साधूं नये?

सोनें अडीअडचणीस मोडतां येतें हें खरें. पण दागिना घेतांना घडणावळ जाते व मोडतांना घट धरिली जाते, हें सराफाच्या गादीवर बसतांना ध्यानांत ठेवावें. भिशींत नियमितपणा लागतो हा तिचा गुण. एकानें तोंड चुकविलें कीं सर्वांचा पैसा अडकतो हा तिचा दोष. दारावर येऊन रोजची पिग्मी नेणारा गृहस्थ छोट्या दुकानदारास मोठा सोयीचा. ही पद्धत १९२८ सालीं उडुपीस टी. एम. ए. पै यांच्या सिंडिकेट बँकेनें दोन-दोन आणे गोळा करून चालू केली, व लहान माणसासही बँकेचा ग्राहक बनविलें. परंतु पावती त्याच वेळीं घ्यावी, आणि पैसा बँकेंत जातो कीं पतसंस्थेंत हें विचारावें. कारण हा भेद फार मोठा आहे. बँकेंतील ठेवीस विम्याचें संरक्षण असतें, व फेब्रुवारी २०२० पासून तें एका बँकेंत एका ठेवीदारास ५ लक्ष रुपयांपर्यंत केलें गेलें; सहकारी बँकाही त्यांत येतात. पतसंस्थेंतील ठेवीस हा विमा नाहीं. चालक ओळखीचे आहेत, सभागृह संगमरवरी आहे, व्याज शेंकडा दोन जास्त आहे, यांवर भुलून जन्माची शिल्लक एका ठिकाणीं ठेवणारांची अवस्था आम्हीं न्यायालयाच्या ओट्यावर पाहिली आहे. जेथें व्याज अवाच्या सवा, तेथें मुद्दलाची काळजी अधिक.

टपालकचेऱ्यांची बचतपेढी १८८२ सालापासून चालू आहे; तिच्यामागें सरकारची हमी आहे, आणि तेथें दरमहा १०० रुपयांपासून पांच वर्षांची आवर्ती ठेव ठेवितां येते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधींत वर्षाला ५०० रुपयांपासून पंधरा वर्षांपर्यंत पैसा घालतां येतो, व खाजगी कर्जाच्या वसुलीसाठीं तो न्यायालयाच्या हुकुमानेंही जप्त होत नाहीं. व्यापाऱ्यांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. धंदा म्हटला कीं चढउतार आलेच. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणें, पुरुषानें स्वतःच्या जिवाचा विमा पत्नी व मुलें यांच्या लाभासाठीं म्हणून विमापत्रावर तसें नमूद करून उतरविला, तर ती रक्कम त्यांच्यासाठीं विश्वस्त निधि ठरते. ती त्याच्या घेणेकऱ्यांस मिळत नाहीं, मात्र घेणेकऱ्यांस बुडविण्याच्या हेतूनें तो विमा उतरविलेला नसला पाहिजे. १९२३ सालच्या दुरुस्तीनें हें संरक्षण हिंदूंसही लागू झालें. शंभर वर्षें होऊन गेलीं तरी आमच्या बाजारपेठेंत हें माहीत असणारे थोडेच.

एवढें सारें करून जें सांठतें तें पुष्कळदां एका दिवसांत उडतें, आणि तो दिवस लग्नाचा. दोन दिवसांच्या मंगल कार्यालयासाठीं, रोषणाईसाठीं व ज्यांचीं नांवेंही ठाऊक नाहींत अशा पाहुण्यांच्या पंक्तींसाठीं बाप दहा वर्षांची शिल्लक मोडतो व वर पांच वर्षांचें कर्ज काढतो. ‘लोक काय म्हणतील’ हा आमच्या समाजांतील सर्वांत मोठा सावकार होय. त्याचें व्याज कधींच फिटत नाहीं. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजानें १८७३ सालापासून अल्प खर्चाच्या विवाहाचा पुरस्कार केला. गाडगे महाराज १९५६ सालीं निवर्तले तोंवर गांवोगांवीं कीर्तनांतून, कर्ज काढून सण व लग्नें करूं नका, तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा, असें कळवळून सांगत राहिले. आपण त्यांच्या तसबिरींस हार घालतों व त्यांचें सांगणें मांडवाबाहेर ठेवितों. गांवांतील चार प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनीं आपल्या मुलींचीं लग्नें साधेपणानें, जमल्यास नोंदणीनें केलीं, तर त्यांच्या मागें चारशें सामान्य कुटुंबें कर्जांतून वांचतील. ज्याच्यापाशीं आहे त्यानें साधेपणा पत्करला तरच, ज्याच्यापाशीं नाहीं त्याची लाज राहते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. काटकसर म्हणजे कद्रूपणा नव्हे. मुलांच्या दुधांत, मुलीच्या शिक्षणांत, म्हाताऱ्यांच्या औषधांत केलेली कपात ही बचत नव्हे, तें कर्जच होय; तें पुढें शरीर व बुद्धि विकून फेडावें लागतें. मोलकरणीचा पगार दोनशें रुपयांनीं तोडणें, हमालाशीं दहा रुपयांसाठीं हुज्जत घालणें, ही काटकसर नसून दुसऱ्याच्या ताटांतील घास काढून घेणें आहे. आणि ज्या मजुराच्या हातीं दोन वेळच्या अन्नापुरतीही मजुरी पडत नाहीं, त्यास काटकसरीचा उपदेश करणें ही क्रूर थट्टा होय. त्याच्या बाबतींत आधीं मजुरीचा प्रश्न, मग बचतीचा. हा लेख त्याच्यासाठीं नाहीं. ज्यांस उत्पन्न आहे आणि तरी शिल्लक नाहीं, त्यांच्यासाठीं आहे.

कोणी व्यापारी म्हणेल, ‘लोक असे हात आंखडून बसले तर आमचा माल घेणार कोण?’ या आक्षेपांत थोडें तथ्य आहे, पण पुढचा विचार नाहीं. बँकेंत ठेविलेला पैसा झोपत नाहीं. तोच कर्जरूपानें व्यापाऱ्याच्या भांडवलास येतो. आणि कर्जावर माल नेणारें गिऱ्हाईक आज गोड दिसतें, उद्यां तेंच उधारी बुडवितें. शिल्लक असलेलें गिऱ्हाईक कमी वस्तू घेईल, पण रोखीनें घेईल व दरवर्षीं घेईल. असें गिऱ्हाईक हीच व्यापाऱ्याची खरी ठेव.

स्वदेशीच्या काळांत अंताजी दामोदर काळे यांनीं पैसा फंड काढिला. माणशीं एक पैसा, एवढीच त्यांची मागणी होती. लोक हंसले असतील. एका पैशानें काय होणार? पण त्या पैशांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला. परसत्तेच्या अमलाखालीं, दारिद्र्यानें गांजलेल्या लोकांनीं पैशापैशानें राष्ट्राचा उद्योग उभारावा, आणि स्वतंत्र देशांतील, त्यांच्याहून किती तरी संपन्न अशा आम्हीं महिनाअखेरीस हप्त्यांच्या भीतीनें फोन उचलूं नये, हा फरक विचार करण्यासारखा आहे. ज्याच्यापाशीं सहा महिन्यांच्या घरखर्चाची शिल्लक आहे, तोच अन्यायी मालकाची नोकरी सोडूं शकतो, लांच मागणाऱ्यास नाहीं म्हणूं शकतो, मुलीच्या सासरच्यांची हुंड्याची मागणी झिडकारूं शकतो. कर्जबाजारी माणसाचें मत त्याचें स्वतःचें नसतें. देशाचें स्वराज्य १९४७ सालीं मिळालें. घरचें स्वराज्य ज्याचें त्यानें मिळवावयाचें आहे, आणि त्याची पहिली चौकी त्याच्या स्वयंपाकघरांत व खिशांत आहे.

यासाठीं आमची आमच्या वाचकांस एक विनंती आहे. दिवाळीच्या पाडव्याची वाट न पाहतां आज रात्रींच घराच्या नांवाची एक वही घालावी. पहिल्या पानावर, खर्चाची एकही ओळ लिहिण्यापूर्वीं, या महिन्याची शिल्लक लिहावी, मग ती शंभर रुपये कां असेना, आणि उद्यां सकाळीं ती रक्कम घरांतील सर्वांच्या देखत बाजूस काढावी. घरची वही शिल्लकेपासून सुरू झाली म्हणजे तिचीं पुढचीं पानें आपोआप सुधारतील, असा आमचा भरंवसा आहे.